पाणी मागणारे आवाज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी स्वरलिपी आणि सोबतचं रेकॉर्डिंग मिळालं. आधी नुसतं ऐकलं, मग कागद समोर ठेवून ऐकलं. सहा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी हिरोशिमावर वृंदगान लिहायचं तुझ्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. तू विचारलं आहेस की हे जमतंय का, आणि दुसरं असं की जिथे मी कधी गेले नाही, ज्यांची भाषा मला येत नाही, त्यांच्या मरणावर मी गाणं लिहावं का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, म्हणून फोनवर न बोलता लिहायला बसले.

आधी सुरुवातीचं पान. तिथे तू झांजा, ढोल आणि सिंथेसायझरचा दणका दिला आहेस. आठ वाजून पंधरा मिनिटं, बॉम्ब पडला, धडाड. मग चार मात्रा शांतता, मग सारंगी. हा सगळा भाग काढून टाक. आवाज वाईट आहे म्हणून नव्हे, ताल तू नेमका पकडला आहेस. पण त्या पानावर माणूस कुठेच नाही. तिथे फक्त बॉम्ब आहे, आणि श्रोता आपसूक त्या बॉम्बच्या बाजूला, वर विमानात जाऊन बसतो. तुला त्याला खाली, नदीच्या काठावर न्यायचं आहे.

तामिकी हारा नावाच्या लेखकाबद्दल तुला सांगते, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. जन्म 1905, हिरोशिमाचाच. 1944 साली त्याची बायको गेली. त्यानंतर तो तोक्योजवळचं घर सोडून हिरोशिमाला भावाकडे राहायला आला. 4 ऑगस्ट 1945 ला तो बायकोच्या थडग्यावर फुलं घेऊन गेला. उन्हात तापलेल्या दगडावर त्यानं पाणी शिंपडलं, फुलांचे दोन भाग करून दोन्ही बाजूंना ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉम्ब पडला. घर स्फोटाच्या केंद्रापासून साधारण सव्वा किलोमीटरवर. तो त्या क्षणी संडासात होता आणि त्यामुळेच वाचला. म्हणजे ज्या झगझगीत प्रकाशाचं वर्णन आपण सगळीकडे वाचतो, तो या माणसाला दिसलाच नाही. त्याच्या वाट्याला आला तो डोक्यावर बसलेला एक तडाखा आणि डोळ्यांपुढचा काळोख. लगेचच्या दिवसांत, उघड्यावर राहत असताना, त्यानं एका छोट्या वहीत जे दिसलं ते टिपून ठेवलं. आपण धडधाकट राहिलो ते हे सांगण्यासाठीच असावं, असंही त्या वहीत आहे.

त्या टिपणांतून त्याची गोष्ट तयार झाली आणि 1947 मध्ये छापून आली. अमेरिकी लष्करी प्रशासनानं छापील मजकुरावर निर्बंध घातले होते, त्यामुळे बॉम्बबद्दल लिहिणं आणि छापणं सोपं नव्हतं. पुढे त्यानं काही छोट्या कविताही लिहिल्या. त्यातली एक नुसती पाणी मागण्याची आहे. पाणी द्या, प्यायला द्या, मेलेलं बरं, वाचवा, कुणीतरी या. मग आकाश फाटलं, गाव नाहीसं झालं, नदी वाहते आहे. मग रात्र येते. कवितेत बॉम्ब नाही, विमान नाही, शत्रू नाही. जे मागितलं गेलं तेच आहे.

1951 च्या मार्चमध्ये हारानं तोक्योत रेल्वेखाली जीव दिला. तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं आणि अणुबॉम्ब पुन्हा वापरण्याची भाषा उघडपणे होत होती.

आता संगीतकाराकडे येते. हिकारू हायाशी, जन्म 1931, तोक्योचा. हिरोशिमाचा नाही, हे लक्षात ठेव. युद्ध संपलं तेव्हा तेरा वर्षांचा मुलगा होता. 1958 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, म्हणजे आज तू आहेस जवळपास त्याच वयात, त्यानं ही पाणी मागण्याची कविता स्त्री-पुरुषांच्या वृंदासाठी बांधली. सोबत एकही वाद्य नाही. पियानो नाही, ढोल नाही, आधाराला स्वर धरून ठेवणारंही काही नाही. फक्त गळे.

हा निर्णय किती मोठा आहे, ते वृंदात उभं राहून गायलेल्या तुला मी वेगळं सांगायला नको. वाद्य नसलं की गाणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो. खूप वेळ गायल्यावर घसा कोरडा पडतो तो खरा पडतो, आणि त्याच कोरड्या घशानं पाणी मागायचं असतं. हायाशीनं वाद्यं काढून घेतली तेव्हा शब्दाचा अर्थ गायकाच्या शरीरात उतरला. तुझ्या रचनेत सिंथेसायझरचा जो तरंगता थर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, तो नेमकं याच्या उलट करतो. तो गायकांना उचलून धरतो आणि श्रोत्यांना धीर देतो. इथे धीर द्यायची घाई करू नकोस.

पाण्याबद्दल थोडं आणखी. भाजलेल्या माणसाला पाणी दिलं तर तो मरतो, असा समज तेव्हा होता. त्यामुळे पुष्कळांनी हातात पाणी असून दिलं नाही, आणि समोरचा तरीही गेला. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकजण ही बोच जन्मभर घेऊन जगले. आजही हिरोशिमातल्या 6 ऑगस्टच्या समारंभात स्मारकापुढे पाणी वाहतात. शहर वसलं आहे नदीच्या त्रिभुज प्रदेशात, चहूकडे पाणीच पाणी, आणि हजारो माणसं त्या पाण्याच्या काठावर पाणी मागत गेली. त्या वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा साधारण 1,40,000 धरतात. हा आकडा तू निवेदनात घातला आहेस. निवेदनात असू दे, पण गाण्यात आणू नकोस. गाण्यात एका माणसानं दुसऱ्याकडे पाणी मागू दे.

आता तुझा शेवट. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल. तू शांतिपाठावर संपवते आहेस. सगळे आवाज हळूहळू षड्जावर येतात, खाली पंचम, आणि टाळ्या. ऐकायला गोड आहे. पण हाराच्या कवितेची शेवटची ओळ पाहा. माणसाचं कण्हणं, असं एकदा येतं, आणि पुढच्या ओळीत नुसतं 'माणसाचं', एवढंच. काय माणसाचं, ते तो सांगत नाही. तिथे कविता सुटते. समेवर आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आपला कान तसाच घडला आहे, आणि त्यात काही वावगं नाही. पण जिथे कवीनं वाक्य पुरं केलं नाही, तिथे संगीतकारानं ते आपल्या पदरचं घालून पुरं करायचं का, हा प्रश्न तुला स्वतःला विचारावाच लागेल. माझं मत विचारशील तर नाही. त्या तुटलेल्या ओळीवर आवाज थांबव. षड्जावर आणू नकोस. श्रोत्यांना टाळी वाजवावी की नाही कळलं नाही तर न कळू दे.

तू म्हणशील, मग आशा नकोच का? हवी. पण ती केव्हा आली ते हायाशीच्या बाबतीत बघ. 1958 ला पाणी मागण्याचा हा पहिला भाग झाला. पुढचे दोन भाग, संध्याकाळचा आणि रात्रीचा, 1971 मध्ये. आणि चौथा 2001 मध्ये, हायाशी एकोणसत्तर वर्षांचा असताना. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत त्रेचाळीस वर्षं. चौथ्या भागात हाराचीच एक वेगळी कविता आहे. हिरोशिमाच्या त्या त्रिभुज प्रदेशात कोवळी पानं उसळून येऊ देत, मरणाच्या आणि ज्वाळांच्या आठवणीत चांगली प्रार्थना भरून राहू दे, अशा अर्थाची. तिथलं संगीत आधीच्या भागांपेक्षा सौम्य आहे, गुणगुणता येईल असं आहे. ती हिरवाई खरी वाटते, कारण तिच्या आधी तीन भाग आणि एका माणसाचं जवळजवळ सगळं कामाचं आयुष्य आहे. मधल्या काळात तो काही नुसता शोक करत बसला नव्हता. त्यानं नाटकांना संगीत दिलं, गाणी लिहिली, ऑपेरा लिहिले. कानेतो शिंदोच्या ज्या चित्रपटात नापीक बेटावर पाणी वाहून नेणारं एक कुटुंब आहे आणि संवाद जवळपास नाहीतच, त्याचंही संगीत त्याचंच. ती धून ऐक. पाण्याची कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाची चाल त्यात आहे. मला तर ती या वृंदगानाची सख्खी बहीण वाटते.

1980 पासून तोक्योतला एक व्यावसायिक वृंद दर ऑगस्टात ही रचना गातो. हायाशी 2012 च्या जानेवारीत गेला, पण तो कार्यक्रम त्यानंतरही चालू राहिला. तू दरवर्षी एक नवी रचना लिहिण्यापेक्षा एकच रचना दरवर्षी गाऊन बघ. तीच माणसं, वय वाढलेली, पुन्हा तेच मागणं मागतात तेव्हा त्या रचनेत काय होतं, हे तुला कुठलंही पुस्तक शिकवणार नाही.

सारंगीबद्दल एवढंच. कुणी मोठं माणूस गेलं की रेडिओवर सारंगी लागायची, तेव्हापासून सारंगी म्हणजे दुखवटा हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. तयार खूण वापरली की श्रोता आधीच ठरवलेलं दुःख काढतो आणि कार्यक्रम संपल्यावर परत ठेवून देतो. कोमल ऋषभ, कोमल धैवत लावून करुण रस आणण्याचंही तसंच. तुझ्या दुसऱ्या पानावर मुली फक्त दोन सुरांत, शेजारच्या शेजारच्या, एकमेकींना घासत गातात ना, ती जागा सगळ्यात चांगली आहे. तिथे तू कुणाकडून काही उसनं घेतलेलं नाहीस.

शीर्षकाविषयीही सावध राहा. पोलंडच्या पेंडेरेत्स्कीची बावन्न तंतुवाद्यांची एक रचना जगभर हिरोशिमाची म्हणून ओळखली जाते. ती 1960 च्या सुमाराची आहे आणि आधी तिचं नाव फक्त तिची लांबी होतं, 8 मिनिटं 37 सेकंद. प्रत्यक्ष वाजलेली ऐकल्यावर तिच्यातली भावना त्याला जाणवली आणि मग त्यानं ती हिरोशिमाच्या बळींना वाहिली. रचना थोर आहे, मी मुलांना ती ऐकवते. पण तुला त्या वाटेनं जाऊ नकोस असंच सांगेन, कारण तुझ्या वयात नाव आधी मोठं होतं आणि सूर मागे राहतात. खुद्द जपानमध्ये 'हिरोशिमा' नावाच्या एका सिंफनीच्या सीडी लाखाच्या वर खपल्या, आणि 2014 मध्ये उघड झालं की ती नाव असलेल्या माणसानं लिहिलेलीच नव्हती, दुसऱ्या कुणीतरी पैसे घेऊन लिहून दिली होती. इतक्या लोकांनी डोळे पुसले ते सुरांमुळे की वेष्टनावरच्या नावामुळे, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. तुझ्या रचनेचं नाव आत्ता कोरं ठेव. वृंदातल्या मुलांना विषय न सांगता एकदा गायला लाव आणि त्यांना काय वाटलं ते विचार.

आता तुझा दुसरा प्रश्न, मी लिहावं का.

हायाशी हिरोशिमाचा नव्हता आणि त्यानं लिहिलं, हे एक उत्तर झालं. त्यानं हाराच्या शब्दांचा हात धरला. जे पाहिलेलं नाही त्याचं वर्णन स्वतः करायला गेला नाही. त्याच्या आधी, 1953 मध्ये, मासाओ ओकीनं आपली पाचवी सिंफनी लिहिली तीही इरी आणि तोशी मारुकी या चित्रकार नवरा-बायकोच्या मोठ्या चित्रफलकांवरून. भुतं, आग, पाणी, इंद्रधनुष्य, मुलं-मुली, अशी त्या फलकांचीच नावं तिच्या भागांना आहेत. पाहिलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं, ही पद्धत तुलाही चालेल.

दुसरं उत्तर तोशिओ होसोकावाचं. हा मात्र हिरोशिमात जन्मलेला, 1955 चा, म्हणजे बॉम्बनंतर दहा वर्षांनी. विशीत तो बर्लिनला शिकायला गेला आणि त्याला गुरू मिळाला तो इसांग युन, कोरियन. या युनला तरुणपणी जपानी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल तुरुंगात टाकलं होतं, आणि पुढे 1967 मध्ये दक्षिण कोरियाच्याच हेरांनी त्याला बर्लिनमधून पळवून नेऊन पुन्हा कैदेत ठेवलं होतं. हिरोशिमाचा मुलगा, जपानच्या तुरुंगात राहिलेल्या कोरियन माणसासमोर बसून सूर लिहायला शिकतो आहे. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. होसोकावानं 1989 मध्ये हिरोशिमासाठी मृतात्म्यांची प्रार्थना लिहिली आणि ती वाढवत नेऊन 2001 मध्ये एक मोठी रचना पुरी केली. त्यात बॉम्बमधून वाचलेल्या मुलांचं लेखन आहे, लॅटिन प्रार्थना आहे, बाशो या जुन्या जपानी कवीचे हायकू आहेत, आणि पॉल सेलानची कविताही आहे. सेलान ज्यू, त्याचे आईवडील नाझी काळातल्या छावणीत मेले. हिरोशिमाच्या रचनेत या कवीला आणून बसवायचं म्हणजे आपलं दुःख एकट्याचं नाही हे मान्य करायचं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तुझ्या निवेदनात जपान नुसता निष्पाप आहे. मेलेली माणसं, शाळकरी मुलं, म्हाताऱ्या बायका निष्पाप होत्याच, त्यात शंका नाही. पण ते शहर लष्कराचं मोठं ठाणं होतं, जपाननं कोरिया आणि चीनमध्ये काय केलं ते जगाला माहीत आहे, आणि त्या सकाळी हिरोशिमात हजारो कोरियनही मेले. त्यातले कित्येक मजुरीसाठी बळजबरीनं आणलेले. त्यांचं स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला 1999 उजाडलं. पाणी मागणाऱ्या आवाजांत ते आवाजही होते. तू वृंदासाठी लिहिते आहेस, तुझ्याकडे तीस गळे आहेत. त्यांतले चार-पाच बाकीच्यांपासून दूर, सभागृहाच्या दाराबाहेर उभे करून गायला लाव. कारण सांगायची गरज नाही, निवेदनातही नको. ऐकणाऱ्याला जाणवेल की कुणीतरी बाहेर राहिलं आहे.

आणि हे सगळं फारच मोठं वाटायला लागलं, तर एक लहान वस्तू घे. आकिको कावामोतो नावाची एकोणीस वर्षांची मुलगी 7 ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्या दिवशी गेली. जन्म अमेरिकेत, लॉस एंजेलिसचा. घरच्यांनी परत येताना तिचा उभा पियानो जहाजातून आणला होता, अमेरिकी बनावटीचा. स्फोटात काचेचे तुकडे त्याच्या लाकडात घुसले, त्या खुणा अजून आहेत. 2005 मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा वाजता केला. 2020 मध्ये दाई फुजिकुरा या संगीतकारानं त्याच्यासाठी पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, लिहिला आणि त्या ऑगस्टात हिरोशिमाच्याच वाद्यवृंदानं तो वाजवला. वादक बराच वेळ मोठ्या पियानोवर वाजवतो आणि शेवटाकडे, जिथे एकट्यानं वाजवायचं असतं, तिथे उठून आकिकोच्या पियानोपाशी जातो. सभागृहाच्या पियानोसमोर त्याचा आवाज छोटा, घरातला. त्यात फुजिकुरानं स्फोट वाजवला नाही. एका मुलीचा पियानो पुन्हा वाजला, एवढंच केलं. एका माणसाजवळ बसता आलं तर एक लाख चाळीस हजारांविषयी काहीतरी बोलता येतं. उलट दिशेनं जाता येत नाही, निदान मला तरी कुणी गेलेलं दिसलं नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हाराच्या मूळ कविता आता कुणालाही वापरता येतात, कारण त्याला जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला. पण तू ज्या इंग्रजी अनुवादावरून मराठी केलं आहेस, त्या अनुवादाचे हक्क वेगळे असतात. पुण्यात जपानी शिकलेली, शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे तरी जा, मूळ कविता मोठ्यानं वाचून घे, रेकॉर्ड कर, आणि तिच्याशेजारी बसून सरळ मराठी कर. यमक जुळवू नकोस. 'तृष्णा', 'जल' असले शब्द काढ. तहानलेला माणूस पाणीच म्हणतो.

जपानी ओळ तशीच ठेवावी का, असं तू विचारलं होतंस. मला वाटतं, मराठीत गा. सभागृहातल्या माणसाला कळलं पाहिजे की पाणी आपल्याकडे मागताहेत. हायाशीचं वृंदगान मुलांना ऐकव, पण तालमी सुरू होण्याआधी महिनाभर, नंतर नको, नाहीतर ती नक्कल करतील.

आणि तिसऱ्या पानावर खालच्या आवाजाच्या मुलींना तू मंद्र सप्तकातला पंचम सलग आठ मात्रा दिला आहेस. तो त्यांना एका दमात पेलणार नाही, दोघी-दोघींत वाटून दे, श्वास आळीपाळीनं घेऊ देत. एवढं करून नवा खर्डा पाठव. सुरुवात आणि शेवट दोन्ही बदलून मगच पाठव, मधलं आपण बसून बघू.

तुझ्या,
बाई